इतर आवाज

महापे, चौथा मजला, रात्रपाळी.
हेडफोनमध्ये आफ्रिकेतला एक डोंगर
आणि त्या डोंगरात कुठेतरी एक पक्षी
ज्याला दिसायचं नाही.

फोटो दिलाय आम्हाला, एकच, तोही पाठीकडून:
शेवाळी पाठ, तांबूस शेपटीचं टोक,
बाकी सगळी पानं.
म्हणे झुडपाच्या बुडाशी राहतो,
मुंग्यांची फौज निघाली की तिच्या मागे मागे चालतो,
आणि गातो पहाटे, धुक्यात,
कुणी ऐकत नाहीये अशी खात्री पटल्यावर.

माझं काम सोपं आहे.
आवाज पडद्यावर उमटतो, करडा,
भिंतीला ओल चढावी तसा.
त्यात त्याची शीळ शोधायची
(गवताचं पातं वाकावं तशी एक बारीक रेघ)
आणि तिच्याभोवती हिरवी चौकट काढायची.
उरलेलं सगळं 'इतर आवाज'.
झरा, इतर. बेडूक, इतर.
फांदी मोडली, तीही इतर.

तीन आठवड्यांत शीळ सापडली अकरा वेळा.
चार तांडेल सरांनी खोडल्या.
"विटकर, हा वारा आहे."
असेल.

मग एका फायलीत, चौदाव्या मिनिटाला,
कुणीतरी खोकलं.

अगदी जवळून. माइक झाडाला बांधणारा असेल,
बॅटरी बदलायला आलेला.
आधी घसा खाकरला. थांबला,
लोक झोपलेल्या घरात थांबतात तसा.
मग दोनदा. दुसरा खोकला पहिल्यापेक्षा खोल,
तळाशी खडी सरकल्यासारखा.

मी हेडफोन काढला.
परत घातला.

अप्पा पारसिकच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचे.
संध्याकाळी भुवयांसकट पांढरे होऊन यायचे,
आणि दिसायच्या आधी ऐकू यायचे.
खोकला नळाच्या कोपऱ्यावर, की आई चहा टाकायची.
खोकला पायरीशी, की मी पुस्तक उघडायची,
कुठलंही, कधी उलटंसुद्धा.
त्यांचा चेहरा आठवायला मला वेळ लागतो.
खोकला लगेच येतो.

डोंगर खडी होऊन खाली उतरला,
नेरूळच्या रस्त्यांत, वाशीच्या टॉवरांत,
बहुधा या चौथ्या मजल्यातही.
थोडा अप्पांच्या छातीत राहिला.
एक्स-रे काचेवर लावून डॉक्टरांनी दाखवला होता,
पांढरा, कण कण,
आणि कागदावर टीबी लिहिलं.
दोन वर्षं टीबीच्या गोळ्या.
दगड कुणी लिहिला नाही.

नियम स्पष्ट आहे:
माणसाचा आवाज आला की तेवढा तुकडा कापायचा.
मी कापला नाही. ऐकत राहिले.
चिखलात पावलं.
डब्याचं झाकण, स्क्रू फिरल्याची कुरकुर.
तो स्वतःशीच काहीतरी म्हणतो, दोन शब्द,
मला न येणाऱ्या भाषेत, पण वैताग कळतो.
बेडूक गप्प.
मग एकोणिसाव्या मिनिटाला,
तो माणूस तिथेच असताना, त्याचा श्वास ऐकू येत असताना,
हातभर अंतरावरून
पक्षी गायला लागतो.

स्क्रू थांबतो.

मी चौकट काढली, हिरवी,
शिळेपासून मागे ओढत, ओढत,
खोकल्यापर्यंत.

तांडेल सर पाठीशी येऊन उभे.
"विटकर, पाच मिनिटं? कुठला पक्षी गातो पाच मिनिटं?"
मी हेडफोन त्यांच्या हातात दिला.
त्यांनी ऐकलं. पूर्ण ऐकलं.
आणि काही न बोलता चहाला गेले.
खोडलं की नाही, ते मला उद्या कळेल.

सकाळी बाहेर आले तर समोर पारसिकची कापलेली कड,
उन्हात उघडी.
खाणी कधीच्या बंद झाल्यात.
खड्ड्यात पाणी, काठाने झुडपं आलीत,
बुटकी, दाट, कुणी न लावलेली.
एकाच्या बुडाशी काहीतरी हललं.

बस येईपर्यंत मी तिकडे पाहिलं नाही.